घंगाळात किती पाणी मावतं?

डिसेंबरात धनजला घरी होतो. एका संध्याकाळी मी न्हाणीच्या दारात उकिडवा बसून मोजपट्टी ओढत होतो आणि पुण्यातला चुलतभाऊ फोनवर मापं लिहून घेत होता. दार 26 इंच. आत लांबी 6 फूट, रुंदी 4. नळाची तोटी फरशीपासून दीड फुटावर. आजीसाठी बाथटब घ्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. पैसे तो देणार, मापं मी घेणार, आणि आजीला विचारायचं कुणी हे अजून ठरायचं होतं.

धनज म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, कारंजा तालुक्यातलं धनज बुद्रुक. दिवाळी झाल्यावर आजी इथेच मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन घरी आली. पाटावर बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकं त्याच सुमारास तिचं तांब्याचं घंगाळ बुडाशी गळायला लागलं. आंघोळीचं भांडंही बदलायचं आणि आंघोळीची रीतही, असा तो प्रसंग होता.

मी इंजिनियर, त्यामुळे आधी आकडे. बाजारात मिळणारा नेहमीचा अ‍ॅक्रिलिक टब 60 इंच लांब, 30 इंच रुंद आणि साधारण 20 इंच उंच. 26 इंचाच्या दारातून तो आडवा जात नाही, कडेवर उभा केला तर जातो. इथपर्यंत मी खूश होतो. मग पाण्याचा हिशेब मांडला. असा टब नीट भरायचा तर 150 लिटर पाणी लागतं. हिवाळ्यात टाकीतलं पाणी 20 अंश धरलं, गिझरचं 60, आणि अंगाला सोसेल असं 40 अंश हवं असेल, तर निम्मं पाणी कढत लागणार. म्हणजे 75 लिटर. आमचा गिझर 15 लिटरचा. पाच वेळा तापवायचा, आणि पाचव्यांदा तापेपर्यंत पहिलं पाणी गार झालेलं. गच्चीवरची टाकी 500 लिटरची, घरात माणसं सात. तिसऱ्या आंघोळीनंतर टाकी जवळपास कोरडी. शिवाय 20 इंचाची भिंत ओलांडून आत उतरायचं, तेही खुब्यात लोखंड असलेल्या बाईने.

तरी विचारलं तिला. मोबाईलवर फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला (हे तिला नातींनी शिवलंय, आपलं, शिकवलंय) आणि म्हणाली, "याच्यात बसून काय कराचं?"

"आंग धुवायचं."

"आपल्याच मयात बसून आंग धुते का कोनी?"

मय म्हणजे मळ. वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणून आजी घंगाळालाही 'घंगाय' म्हणते. आणि आमच्याकडे आंघोळ 'करण्या'पेक्षा आंग 'धुणं' जास्त चालतं. सकाळी भेटलेला माणूस "आंग धुतलं काय?" असंच विचारतो. पाण्यात बसणं आणि पाणी अंगावर घेणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि आजीच्या शब्दात टबाला जागाच नव्हती. मला वाटलं, हा फरक किती जुना आहे ते बघू. आजी बरी होईपर्यंत मी घरूनच काम करत होतो. रात्री लॅपटॉप उघडाच असायचा.

टबाचा इतिहास वाचायला बसलं की पहिला भेटतो तो आर्किमिडीज, आणि तिथेच संशय सुरू होतो. टबात बसला, पाणी बाहेर सांडलं, त्याला सोन्याच्या मुकुटातली भेसळ ओळखायची युक्ती सुचली आणि तो तसाच रस्त्यावर धावला, ही गोष्ट आपण सातवीपासून ऐकतो. ती लिहून ठेवली व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने, आर्किमिडीज मेल्यावर सुमारे 200 वर्षांनी. आर्किमिडीजच्या स्वतःच्या उपलब्ध लेखनात ती नाही.

त्याहून मोठी भानगड अमेरिकेतली. 28 डिसेंबर 1917 रोजी एच. एल. मेंकन नावाच्या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लेख लिहिला, की अमेरिकेतला पहिला बाथटब 1842 साली सिनसिनाटी शहरात बसवला गेला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, आणि पुढे अध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये नेला तेव्हा कुठे लोकांनी तो स्वीकारला. सगळं बनवलेलं होतं. युद्धाच्या दिवसांतली गंमत म्हणून. पण लोकांनी ते खरं मानलं, इतरांनी उतरवून घेतलं, संदर्भ म्हणून वापरलं. 1926 मध्ये मेंकनने स्वतः जाहीर कबुली दिली, तरी ती गोष्ट मेली नाही. आपल्या फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डला आपण उगाच नव्या युगाचं पाप समजतो.

खरी टबं मात्र या थापांपेक्षा मजेदार आहेत. विल्यम टाफ्ट हे अमेरिकेचे भावी अध्यक्ष 1909 मध्ये पनामा कालव्याच्या कामाकडे निघाले, तेव्हा ते ज्या युद्धनौकेवरून जाणार होते तिच्यावर त्यांच्या मापाचा टब बसवण्यात आला. टाफ्ट यांचं वजन दीडशे किलोच्या आसपास. टब 7 फूट 1 इंच लांब, 41 इंच रुंद, वजनाला सुमारे एक टन. तो तयार झाल्यावर कामगारांनी त्यात बसून काढलेला फोटो आहे. चार बाप्ये आत आहेत आणि कुणी कुणाला खेटलेलं नाही. शिंप्याने माणसाचं माप घ्यावं तसं टबाचं माप घेतल्याचं हे उदाहरण मी चुलतभावाला पाठवलं. त्याने अंगठा दाखवला.

मला सगळ्यात जवळची वाटली ती कोहलरची गोष्ट. हे नाव आज शहरातल्या महागड्या बाथरूममध्ये नळावर कोरलेलं दिसतं. जॉन मायकेल कोहलर हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला ओतकाम करणारा कारखानदार. शेतीची लोखंडी अवजारं आणि जनावरांना पाणी पाजायच्या डोणी बनवायचा. 1883 मध्ये त्याने अशाच एका डोणीला आतून पांढरं एनॅमल दिलं, खाली चार पाय लावले, आणि ही आंघोळीलाही चालेल म्हणून विकली. कंपनी सांगते की पहिली डोण एका शेतकऱ्याने घेतली आणि बदल्यात एक गाय व 14 कोंबड्या दिल्या. ऐश्वर्याचं चिन्ह म्हणून आपल्याकडे आलेल्या वस्तूचं कूळ गोठ्यातलं आहे. आमच्या वाड्यामागे बैलांची दगडी डोण होती. उन्हाळ्यात आम्ही पोरं दुपारी तिच्यात उतरायचो आणि मोठे काका काठी घेऊन यायचे. आम्ही काळाच्या पुढे होतो असं आता म्हणता येईल.

आता आपल्याकडे येऊ. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सगळ्यांना पाठ असतं. सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, विटांचं, डांबराने गळती थांबवलेलं. पण त्याच शहरातल्या घराघरांत जे सापडलं ते मला जास्त ओळखीचं वाटतं. पक्क्या विटांचा लहानसा चौथरा, किंचित उताराचा, कडेने पाणी अडवणारी कड, आणि एका कोपऱ्यातून बाहेर गटारीकडे जाणारी वाट. बसायचं, पाणी अंगावर ओतायचं, ते वाहून जाऊ द्यायचं. आमची मोरी त्याच चौथऱ्यापासून आली असं म्हणायला मधल्या हजारो वर्षांचा अखंड धागा माझ्याकडे नाही. पण तो आराखडा आजीसमोर ठेवला असता तर तिने नळ कुठे ते विचारलं असतं, बाकी काही नाही.

मग हमाम. आमच्या भागातून उत्तरेला सातपुड्याकडे गेलं की बुऱ्हाणपूर लागतं. आज मध्य प्रदेशात असलं तरी मराठी तिथे परकी नाही. तिथल्या शाही किल्ल्यात मोगलांचा हमाम आहे, छतावर रंगीत नक्षी आहे. हे शहर मुमताजमहलच्या मृत्यूचं, 1631 सालचं. पर्यटक हमामचा फोटो काढून परत फिरतात. खरी कमाल शहराबाहेर जमिनीखाली आहे. अब्दुल रहीम खानखानान, म्हणजे ज्यांचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात वाचले ते रहीम, यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून जमिनीत मुरून येणारं पाणी अडवून भुयारी वाटेने शहरात आणलं गेलं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. जमिनीखालच्या लांब बोगद्यावर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या आहेत आणि पाणी नुसत्या उताराने वाहतं. इराणी पद्धत ती. ना पंप, ना बैल.

पुण्यातही गोष्ट अशीच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आलं आणि शनिवारवाड्यातली कारंजी व पेठांमधले हौद त्यावर चालले. याच पेशवाईच्या पुण्यात कोकणातले त्वष्टा कासार येऊन वसले आणि तांबट आळी उभी राहिली. बंब, घंगाळं, हंडे तिथे हाताने ठोकून घडत. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे शेजारी शेजारी ठसे उमटवतात, त्या कामाला माठारकाम म्हणतात. ते नुसतं दिसायला छान म्हणून नसतं, ठोकल्याने पत्रा कडक होतो. आजीच्या घंगाळावर असेच ठसे आहेत. ते पुण्याचं नाही, कारंजाच्या बाजारातलं, पण हातोडीची भाषा तीच.

शब्दही मजेशीर आहेत. हमाम अरबी. बालदी पोर्तुगीज. घमेलंसुद्धा पोर्तुगीज 'गामेला'वरून, आणि त्यांच्याकडे गामेला म्हणजे धुण्याचं, खाण्याचं लाकडी भांडं. आपण त्यात सिमेंट कालवतो.

1853 मध्ये निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. अकोला, अमरावतीकडे साहेबांचे बंगले झाले. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या बंगल्यांचे नकाशे बघितले तर प्रत्येक गुसलखान्याला एक जास्तीचं दार दिसतं, थेट बाहेर उघडणारं. साहेब पत्र्याच्या टबात बसायचा, आणि टब काही नळाने भरत नव्हता. पाठीवर कातड्याची पखाल घेतलेला भिस्ती त्या मागच्या दाराने यायचा, पाणी ओतून त्याच दाराने जायचा. मळकं पाणी न्यायला आणखी कुणी. बंगल्याच्या आतून त्यांनी जायचं नाही म्हणून ते दार.

त्या दारापाशी मी बराच वेळ थांबलो. टाफ्टचं वजन नोंदवलेलं आहे, टबाची लांबी इंचात आहे, कोहलरच्या कोंबड्यासुद्धा मोजलेल्या आहेत. पाणी भरणाऱ्याची नोंद कुठे म्हणून शोधायची, तर भिंतीतल्या त्या मोकळ्या जागेत. नकाशात ती दोन रेघांमध्ये येते.

दुसऱ्या दिवशी मी घंगाळ मोजायला घेतलं. नवीन त्याच मापाचं घ्यायचं तर माप हवं. तोंड 50 सेंटीमीटर, खोली 22. गोलखंडाच्या घनफळाचं सूत्र लावलं, उत्तर आलं 27 लिटर. मग बुडाची भेग मेणाने बुजवून दुधाच्या लिटरच्या मापाने भरून बघितलं. 29 लिटर. घंगाळाचं पोट भूमितीतल्या गोलखंडापेक्षा सरळ उतरतं, त्यामुळे दोन लिटर जास्त मावतात. काठाखाली टिंबांनी कोरलेलं आहे, आजोबांचं पूर्ण नाव आणि 1964. आंदणात आलेलं. पैसे आजीच्या वडिलांचे, नाव जावयाचं.

आजी ओसरीवर खुर्चीत बसून माझा उद्योग बघत होती. मी विचारलं, यात तू आंघोळ करायचीस ना?

"मी कायची करतो? तुह्या आजोबाचं होतं ते. आदी त्यायचे बाबा, मंग आजोबा, मंग दीर."

"आणि तू?"

"चार वाजता उठाचं, अंधारात, गोठ्याच्या बाजूनं लुगडं बांधून. एक तपेलं पानी. उजाडाच्या आत आटपाचं."

61 वर्षं मी ज्याला आजीचं घंगाळ म्हणत आलो... नाही, मी 28 वर्षांचा आहे. पण घरात सगळे त्याला आजीचंच म्हणतात. ती घासायची म्हणून असेल.

पाणी घरामागच्या नव्हे, गावच्या विहिरीवरून यायचं. ती सांगते, विहीर 40 हात खोल. एक गुंड म्हणजे 14-15 लिटर, म्हणजे दोन गुंडांत एक घंगाळ. तीन पुरुष, तीन घंगाळं, सहा गुंड, 87 लिटर. मी सवयीने हिशेब केला. 87 किलो पाणी 40 हात, म्हणजे साधारण 18 मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे सुमारे 15 किलोज्यूल काम होतं. खाण्याच्या कॅलरीत चारसुद्धा भरत नाही, बिस्किटाचा तुकडा. आकडा बरोबर आहे, मी दोनदा तपासला. त्यात दोर हाताला कापतो ते नाही, डोक्यावर एक आणि कमरेवर एक गुंड घेऊन चिखलातून येणं नाही, पोटात सातवा महिना असणं नाही. हे आंघोळीचं पाणी झालं. प्यायचं, गुरांचं, धुण्याचं वेगळं.

"विहिरीवर सगळेच यायचे का?" मी विचारलं. हा प्रश्न मी आधी कधीच विचारला नव्हता.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सगये नाही. त्यायचे गुंड खाली ठेवलेले राहत. आपन वरून वाढाचं. कोनाले दया आली तर लवकर, नाही तं बसले राहत."

पाणी 'वाढायचं'. जेवण वाढावं तसं. जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो 1868 साली. महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तो दिवस 20 मार्च 1927. आजी लग्न होऊन धनजला आली 1964 मध्ये. ही तीन सालं मी एकाखाली एक लिहिली आणि त्या रात्री पुढे काही वाचलं नाही.

2011 च्या जनगणनेत घरातल्या आंघोळीच्या जागेची नोंद आहे. ग्रामीण भारतातल्या 55 टक्के घरांना आवारात आंघोळीची कोणतीही बंदिस्त जागा नव्हती. सुमारे 20 टक्क्यांकडे नुसता आडोसा, वर छप्पर नाही. छपराची न्हाणी चारातल्या एका घराला. मी तेव्हा शाळेत होतो आणि आमच्या घरी न्हाणी होती, म्हणजे आम्ही त्या चौथ्या घरात. आजीचं लुगड्याचं आडोशाघर कोणत्या रकान्यात गेलं असतं ते ठरवता येत नाही.

चुलतभावाला फोन करून टब रद्द म्हणून सांगितलं. तो नाराज झाला, मग खर्चाचा अंदाज ऐकून जरा कमी झाला. त्याच्या पैशांतून न्हाणीत काय काय झालं ते सांगतो, कुणाच्या घरी अशीच वेळ असेल तर उपयोगी पडेल. भिंतीला दोन स्टीलचे आडवे दांडे, एक बसल्यावर हाताशी येईल असा आणि एक उभं राहताना. घसरणार नाही अशी खडबडीत फरशी. दाराचा उंबरा काढून उतार केला, म्हणजे वॉकर आत जातो. प्लास्टिकची उंच खुर्ची, हाताची, पायांना रबर लावलेली. उंची ठरवताना फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर यायला नको. आजीच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत 16 इंच भरले, म्हणून आसन 18 इंचांवर घेतलं. आणि हातात धरायचा शॉवर, लांब नळीचा, गरम-गार एकत्र येणाऱ्या तोटीला जोडलेला. पूर्ण आंघोळीला 20 लिटरही लागत नाहीत. 15 लिटरचा गिझर पुरून उरतो.

पहिल्या दिवशी आईने मदतीला आत थांबायचं ठरवलं होतं. आजीने तिला बाहेर काढलं. आत किती वेळ होती ते मी मोजलं नाही, पण चहा दोनदा गरम करावा लागला.

राहिलं घंगाळ. मला ते ठेवायचं होतं, खरं सांगतो, झाळ देऊन त्यात मनी प्लांट वगैरे. शहरात लोक तसं करतात. आजी म्हणाली, मोडीत दे. तिला खुर्चीवर बसल्यावर पाय बुडवायला काहीतरी हवं होतं, ऑपरेशननंतर पाय सुजतात. जुनं देऊन नवं आणायचं, लहान. किती लहान, तर तिने जमिनीवर पाय टेकवले, दोन्ही पावलांच्या बाजूने मला खडूने रेघ मारायला लावली. लांबी सव्वा वीत, रुंदी एक वीत, आणि घोट्याच्या वर चार बोटं. मोजपट्टी माझ्या खिशातच राहिली.

कारंजाला भांड्यांच्या दुकानात मी आणि बाबा गेलो. आजी गाडीत बसून होती. जुनं घंगाळ साडेपाच किलो भरलं. दुकानदाराने तीन-चार लहान घंगाळं बाहेर आणून दाखवली, आजीने काच खाली करून एकेकावर टिचकी मारली आणि तिसरं निवडलं. मोडीचे पैसे वजा जाऊन वर काही द्यावे लागले नाहीत, उलट थोडे परत आले. ते तिने कनवटीला लावले.

दुकानातला पोरगा नाव घालायचं मशीन घेऊन आला. "आजी, नाव काय टाकू?"

"नाव कायले पाह्यजे? आता कोन घेते ते माह्या हातातून?" ती म्हणाली आणि काच वर करायला लागली.